अठरा श्वासांचं गाव

त्या वर्षीचा हिवाळा नाओमीला भोसरीत काढू द्यायचा नाही, हे मी गणपतीच्या सुट्टीतच ठरवलं होतं. नऊ वर्षांची पोर, चार मजले चढताना तीनदा थांबते, आणि थांबली की वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक करते. तिच्या बुटांना नाड्या नाहीतच, चिकटपट्ट्या आहेत. सोळा वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सला ही कार्टी फसवायला बघते! तिच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग तीन वर्षांची असताना झालेल्या न्यूमोनियात निकामी झाला होता. उरलेलं फुप्फुस वाढण्याची वर्षं आता होती, आणि ती भोसरीच्या धुळीत चालली होती.

तेव्हा साल होतं २०४४. शहरातल्या दवाखान्यांत नर्सेसची गरज निम्म्यावर आली होती. सलाईन बदलणं, वेळेवर औषध देणं, पेशंटची कूस बदलणं, हे सगळं पलंगच करायला लागले होते. गावांत मात्र असले पलंगही नव्हते आणि नर्सही नव्हत्या. म्हणून सरकारनं 'वस्तीमेळ' नावाची योजना काढली. नर्सनं कुटुंबासह एका गावी जायचं आणि सात वर्षं तिथंच राहायचं. मध्ये बदली मागायची नाही, सोडून गेलात तर नर्सिंगचा परवाना रद्द. बदल्यात क्वार्टर, नवऱ्याला काम, मुलांना शाळा. गाव आपण निवडायचं. म्हणजे म्हणायला आपण, सुचवणार यंत्रच.

मी लगेच अर्ज भरला. माझा नवरा अमोल साळवे सोलर पंप दुरुस्त करतो, त्याला पंप असेल तिथे काम मिळतं. तो म्हणाला, एस्तर, तू म्हणशील तिथे जाऊ, फक्त एकदा नीट बघून घे, सात वर्षं म्हणजे पोरगी सोळाची होईल. ते त्यानं सांगायला हवं होतं होय? मला तेवढंच दिसत होतं.

वस्तीमेळचं यंत्र हुशार होतं, यात वादच नाही. त्यानं आधी नाओमीच्या फुप्फुसाची प्रतिकृती बनवली. खरीखुरी नव्हे, आकड्यांची. छातीची चित्रं, फुंकर मारायच्या चाचण्या, रक्त, खोकल्याचे आवाज, जन्मापासूनचे सगळे तक्ते त्यात घातले, आणि संगणकात एक फुप्फुस तयार झालं, जे नाओमीसारखं वाढतं, सुजतं, आक्रसतं. मग ते फुप्फुस त्यानं बत्तीस गावांत सात-सात वर्षं ठेवून पाहिलं. हे सगळं वीस मिनिटांत.

आता गावोगावी हवा मोजायची उपकरणं कुठली असायला? म्हणून यंत्र हवेचा अंदाज माणसांवरून बांधायचं. हवा बिघडली की सगळ्यात आधी श्वास वाढतो. रक्तातला ऑक्सिजन बिचारा तासन्‌तास तग धरून असतो, ताप तर नंतर येतो, पण श्वास आधी चुगली करतो. गावच्या उपकेंद्रात रोज जी माणसं येतात, त्यांचे मिनिटाला किती श्वास पडतात हा आकडा यंत्राला सोन्यासारखा. नाडी आणि ऑक्सिजन मनगटाच्या पट्टीतून आपोआप जायचे. श्वास मात्र पट्टीला धड मोजता येत नव्हते, पोर रडलं की गोंधळ, म्हातारा खोकला की गोंधळ. म्हणून तो आकडा नर्सनं डोळ्यांनी मोजून भरायचा, असा नियम होता.

हा नियम ज्यानं केला, तो कधी वॉर्डात उभा राहिला नसावा.

यादीत पहिलं गाव आलं आंबेतळे, मराठवाड्याच्या कडेला, गावाच्या हवेला शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण. सोळाव्या वर्षी नाओमीचं फुप्फुस जवळजवळ निरोगी मुलीइतकं भरेल, असं त्याखाली लिहिलं होतं. अमोलनं ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. यादीत शेवटी, बत्तिसावं, साताऱ्याच्या पश्चिमेला पठारावरचं धोंडमाळ. गुण एकेचाळीस. तिकडे आम्ही ढुंकूनही पाहिलं नाही.

नियमाप्रमाणे दोन गावं प्रत्यक्ष बघता येत होती. आंबेतळ्याला आम्ही ऑक्टोबरात गेलो.

गाव झकास होतं. क्वार्टर दोन खोल्यांचं, नवा रंग दिलेलं. शाळेत प्रयोगशाळा. गावकऱ्यांनी पुरणपोळी केली, नाओमीला मुलींनी झोपाळ्यावर नेलं. अमोल तर मनानं तिथं राहायलाच आला होता, फडताळ कुठे ठोकायचं इथपर्यंत त्याची मजल गेली. उपकेंद्रात विश्वंभर नावाचा एक तरुण ब्रदर होता, गेली दोन वर्षं एकटाच सांभाळत होता. त्याची बदली ठरली होती. त्यानं उत्साहानं मला टॅबवरची नोंदवही दाखवली.

मी ती वर सरकवत गेले. नाडी बहात्तर, अठ्ठ्याऐंशी, चौसष्ट. श्वास अठरा. अठरा. अठरा. वीस. अठरा. अठरा.

मला आधी हसू आलं. जगातल्या कुठल्याही नर्सला येईल. चाळीस पेशंट आणि दोन हात असले की नाडी पट्टी सांगते, ताप पट्टी सांगते, आणि श्वासाच्या रकान्यात हात आपोआप अठरा लिहितो. मोठ्या माणसाला शोभतो, डॉक्टर भुवई उचलत नाही. आमच्यात कोणी शिकवत नाही हे, सगळ्यांना येतं.

बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांचे खांदे श्वासागणिक वर जात होते, गळ्याच्या खळीत खड्डा पडत होता. मी जवळ बसले, गप्पा मारत त्यांचं मनगट धरलं, जणू नाडीच बघते आहे. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस तो आवरून घेतो, म्हणून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची, हे मात्र आम्हाला शिकवलेलं असतं. एक पूर्ण मिनिट. सव्वीस.

नोंदवहीत त्यांच्या नावापुढे अठरा होतं.

संध्याकाळपर्यंत मी अकरा माणसांची मनगटं धरली. अकरातल्या नऊ जणांचे आकडे चोविसाच्या वर. झोपाळ्यावरून आलेल्या नाओमीला दुपारपासून खोकला होता, तो प्रवासाचा म्हणून मी सोडून दिला होता. मग मी गच्चीवर गेले. गावापासून दोन कोसांवर कापसाच्या पऱ्हाट्या भरडून जळणाच्या कांड्या करायचा कारखाना होता. गावातला अर्धा रोजगार तिथलाच. वारा इकडचा असला की भुसा येतो थोडा, विश्वंभर म्हणाला, पण तब्येतीला काही नाही, आकडे बघा की आमचे.

मी त्याला रागावले नाही. कुठल्या तोंडानं रागावणार होते?

परतीच्या बसमध्ये नाओमी झोपली आणि मी टॅबवर उरलेल्या गावांच्या नोंदी उघडल्या. त्या सगळ्यांना बघता येतात, बघत कोणी नाही. अठरा, वीस, अठरा, सोळा, अठरा. गावामागून गाव तेच. शेवटी धोंडमाळ उघडलं.

एकवीस. सतरा. चोवीस. एकोणीस. सत्तावीस. तेवीस.

मी ताठ बसले. घाईत असलेली नर्स अर्धं मिनिट मोजते आणि दुप्पट करते. दुप्पट केलं की आकडा समच येणार, विषम येऊच शकत नाही. आणि जी मोजतच नाही तीही समच लिहिते, अठरा किंवा वीस. सतरा, एकवीस, तेवीस हे लिहायला घड्याळाचा काटा पूर्ण एक फेरी फिरेपर्यंत माणसासमोर बसावं लागतं. धोंडमाळला कोणीतरी रोज बसत होतं. त्या नोंदी सहा वर्षं मागे गेल्या, तर सुरुवातीला सगळं सव्वीस, एकोणतीस होतं, आणि दरवर्षी थोडं थोडं उतरत आलं होतं. पण यंत्राला काय दिसणार? बाकीच्या एकतीस गावांत सगळे अठरा, आणि इथे एकवीस. म्हणजे इथली हवा वाईट.

बस एका थांब्यावर चहाला थांबली. नाओमी शेजारच्या टेबलावर वडा खात होती. मी अमोलला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "अकरा माणसं, एस्तर. यंत्राकडे सहा कोटी नोंदी आहेत."

मी म्हटलं, त्या सहा कोटी कशा लिहिल्या जातात ते मला ठाऊक आहे. तो म्हणाला, तुझा अंदाज आहे. सगळ्याच नर्सेस काही तशा नसतील. तू तरी कुठे तशी आहेस?

आता गप्प बसले असते तर आंबेतळ्याला जावं लागलं असतं. सहा वर्षं मूग गिळून बसले होते, ते तिथे संपलं.

"नाओमीच्या तक्त्यावरचं अठरा मी लिहिलं होतं," मी म्हटलं.

तिला न्यूमोनिया झाला तेव्हा आमच्याच वॉर्डात ठेवलं होतं. दुपारची पाळी संपत आली होती, चाळीस पलंग, माझी मैत्रीण तक्ते भरत होती आणि तिच्या नाकी नऊ आले होते. मी तिच्या हातातले पंधरा तक्ते घेतले, बसल्या बसल्या भरून टाकते म्हटलं. नाडी आणि ऑक्सिजन पडद्यावर होते. श्वासाच्या रकान्यात पंधराही तक्त्यांवर अठरा. तिसरा की चौथा तक्ता माझ्या मुलीचा होता आणि मी वरचं नाव वाचलं नाही. तीन वर्षांच्या न्यूमोनियाच्या पोरीचे श्वास अठरा कसे असतील? पन्नास असणार. संध्याकाळी डॉक्टरांनी तक्ता पाहिला, ऑक्सिजन अजून ठीक होता, श्वास अठरा, म्हणाले सुधारते आहे. ऑक्सिजन घसरला तेव्हा नळी घालावी लागली. अकरा दिवस.

अमोल त्या डॉक्टरांना सहा वर्षं शिव्या देत आला होता. रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायचा. मी शेजारी उभी असायचे आणि काही बोलायचे नाही.

तो उठला, नाओमीजवळ जाऊन बसला, आणि तिच्या हाताला लागलेली चटणी पुसत राहिला. उरलेल्या प्रवासात माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वयंपाक केला, ड्यूटीला गेले, आले. काय म्हणणार होते? माफ कर म्हणायचं तर ते नाओमीला म्हणायला हवं होतं, आणि ती बुटाची नाडी बांधत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्यासमोर टॅब ठेवला. धोंडमाळची बस, तीन जागा.

"मला अजून तुझ्याकडे बघवत नाही," तो म्हणाला. "पण तू मोजायला शिकली असशील, तर आता तुझंच ऐकायला हवं."

धोंडमाळला पुरणपोळी वगैरे काही नव्हती. क्वार्टरचं छप्पर एका कोपऱ्यात गळकं, शाळा चार खोल्यांची, बसथांब्यापासून उपकेंद्रापर्यंत दगडी चढ. चढावर नाओमी चारदा थांबली. उपकेंद्राच्या ओट्यावर पंधरावीस माणसं बसली होती, आणि त्यांच्या मध्ये स्टुलावर पद्मिनी घोलप सिस्टर. पन्नाशी उलटलेल्या, शिडशिडीत, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं. मी असं घड्याळ फक्त कॉलेजच्या जुन्या फोटोंत पाहिलं होतं.

त्यांनी एका बाईचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं घड्याळ वर केलं. त्याबरोबर ओटा गप्प झाला. समोरच्या चहावाल्यानं रेडिओ बंद केला, एका आईनं पोराच्या तोंडात खडीसाखर घातली. मिनिटभर नुसता वारा ऐकू येत होता. मग सिस्टरांनी घड्याळ सोडलं, आकडा लिहिला, आणि सगळे पुन्हा बोलायला लागले. गावाला ही सवयच लागली होती.

मी ओळख करून दिली. त्या म्हणाल्या, चार वर्षांत इथे बघायला आलेल्या पहिल्याच तुम्ही. सुरुवातीला घराघरांत चुलीचा धूर होता, त्यांनी भांडभांडून शेगड्या बदलायला लावल्या होत्या, आकडे उतरले होते, पण गुण काही वर चढत नव्हते. गुण कमी म्हणून मास्तर येत नव्हते. मुलींची स्थळं येत नव्हती, हल्ली मुलाकडचे पत्रिकेआधी गावाचे गुण बघतात. सरपंच लीलाताई येडगे दर महिन्याला येऊन हात जोडायच्या, सगळे लिहितात ते लिहा की हो सिस्टर. अख्खं गाव त्यांच्यावर रुसलं होतं आणि अख्खं गाव त्यांच्याकडेच येत होतं.

"चार महिन्यांनी मी निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी अठरा लिहिणारी आली तर गावाला आनंदच होईल. तुम्ही काय लिहिता?"

"सोळा वर्षं अठरा लिहिलं," मी म्हटलं.

त्या स्टुलावरून उठल्या, नाओमीला समोर बसवलं आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. ओटा गप्प झाला. माझ्याच मुलीचं मनगट धरून मी मिनिटभर तिच्या छातीकडे बघत बसले. नऊ वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं, घरी पट्टी होती ना. चढ चढून येऊन अर्धा तास झाला होता, तरी एकोणतीस; या वयाला वीस-बावीस पुरेत. अमोल खांबाला टेकून उभा होता. आकडा ऐकल्यावर तो खाली उतरून गेला आणि थोड्या वेळानं तोंड धुऊन परत आला.

घरी आल्यावर मी आधी दुसरंच काम केलं. नाओमीच्या जुन्या तक्त्याच्या दुरुस्तीचा अर्ज भरला. यंत्रानं तिची प्रतिकृती त्या अठरावरूनच तर बांधली होती, म्हणजे त्याच्यातली नाओमी खरीपेक्षा धडधाकट होती. दुरुस्तीचं कारण, असा एक रकाना होता. मी लिहिलं, श्वास मोजले नव्हते, न मोजता लिहिले. त्याखाली नाव आणि परवान्याचा क्रमांक. चौकशी लागणार हे माहीत होतं. लागली तर लागू दे म्हटलं. आंबेतळ्याच्या अकरा जणांचे आकडेही पाठवले, आणि विश्वंभरला पत्र लिहिलं, त्यात माझीच गोष्ट सांगितली.

यंत्रानं नवी प्रतिकृती बनवून पुन्हा हिशेब केला. मला वाटलं होतं, आता तरी त्याला कळेल. कुठलं काय! फुप्फुस जास्त नाजूक आहे म्हटल्यावर त्यानं आंबेतळ्याचा आग्रह आणखी वाढवला. धोंडमाळचे गुण आमच्यापुरते एकेचाळीसवरून एकोणतीसवर आले. मी धोंडमाळवर बोट ठेवलं, तर लाल चौकट उघडली. या निवडीमुळे सोळाव्या वर्षी मुलीच्या फुप्फुसाची क्षमता एकोणीस टक्क्यांनी कमी राहण्याची शक्यता आहे, पालकांना हे मान्य आहे का? दोन्ही पालकांचे अंगठे हवे होते.

मी ती चौकट दोनदा बंद केली, खोटं कशाला सांगू? मी चुकत असेन तर ही दुसरी वेळ ठरणार होती. अमोलनं चौकट पूर्ण वाचली आणि आधी स्वतःचा अंगठा लावला. मग मी लावला.

याला आता अकरा महिने झाले. चौकशी झाली, माझी दोन वर्षांची बढती रोखली, परवाना राहिला. विश्वंभरनं बदली रद्द करून घेतली आणि मोजायला लागला. आंबेतळे चौऱ्याण्णववरून अठ्ठावन्नावर आलं, गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं, पण कारखान्याच्या भरडणीवर आता आच्छादन आलं आहे, असं त्यानं कळवलंय.

आणि धोंडमाळ एकोणचाळीसवर घसरलं. मी पठारापलीकडच्या धनगरवाड्यावरही जायला लागले, तिथे अजून चुली आहेत, तिथले आकडे आले आणि दोन गुण गेले. परवा लीलाताई आल्या. त्यांच्या धाकट्या मुलीला कराडहून स्थळ आलं होतं आणि मंडळी गुण बघणार होती. त्या हात जोडून म्हणाल्या, एक महिनाभर अठरा लिहा सिस्टर, पुढं तुम्हाला हवं ते करा, लेकीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना बसायला सांगितलं. म्हटलं, लेकीच्याच आयुष्याची गोष्ट आहे, ऐका, आणि तक्त्याची सगळी हकीकत सांगितली. ओट्यावरची माणसंही ऐकत होती.

एवढ्यात शाळा सुटली. नाओमी दप्तर हलवत चढ चढून आली. मी बघत होते. वाकली नाही, नाडी बांधली नाही. वर येऊन ती नेहमीप्रमाणे थोडा वेळ टेकली आणि मग स्टुलासमोर बसून हात पुढे केला.

मी तिचं मनगट धरलं आणि पद्मिनीबाईंनी निवृत्त होताना मला दिलेलं घड्याळ वर केलं. रेडिओ बंद झाला. ओटा गप्प झाला. लीलाताईंनी पदरानं नाक पुसलं आणि त्याही गप्प झाल्या, तिच्या छातीकडे बघत, ओठ हलवत माझ्याबरोबर मोजायला लागल्या. काटा फिरून वर आला.

"एकवीस," लीलाताई म्हणाल्या.

मी एकवीस लिहिलं. लीलाताई उठतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नाओमीला बाजूला सरकवलं, तिच्या जागी बसल्या आणि आपला हात माझ्या पुढे धरला.